विमा एजंटाचा परवाना गेला, जबाबदारी कोणाकडे?

बेंगळुरू : पन्नास प्रश्न, साठ मिनिटांचा वेळ आणि उत्तीर्ण होण्यासाठी पस्तीस टक्के गुण. म्हणजे अठरा उत्तरे बरोबर आली की पुरे; चुकलेल्या उत्तराचे गुण कापलेही जात नाहीत. वय अठरा पूर्ण, शिक्षण दहावी उत्तीर्ण आणि हातात पॅन कार्ड, एवढ्या भांडवलावर देशातील कोणीही व्यक्ती ही परीक्षा देऊन आयुर्विमा एजंट होऊ शकते. त्यानंतर तिला वीस-पंचवीस वर्षे चालणाऱ्या करारासाठी एखाद्या कुटुंबाला राजी करण्याचा अधिकार मिळतो. स्वतःचे घर सोडले तर मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात इतका दीर्घ आर्थिक करार क्वचितच करतो.

हा विषय दक्षिण बेंगळुरूतील जयनगरमधून पाहिला, तर त्याची दोन्ही टोके नजरेत येतात. १९४८ मध्ये तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी झालेली ही वसाहत देशातील सुरुवातीच्या नियोजनबद्ध नगररचनांपैकी एक. निवृत्त सरकारी कर्मचारी, बँक अधिकारी, शिक्षक, चौथ्या ब्लॉकच्या बाजारपेठेतील दुकानदार अशी इथली पारंपरिक वस्ती. ठरावीक उत्पन्न, बचतीची सवय आणि ओळखीच्या माणसावर विश्वास या तिन्ही गोष्टी इथे एकत्र सापडतात आणि विमा एजंटाला नेमक्या त्याच हव्या असतात. दुसरे टोक लगतच्या जे. पी. नगरात आहे. तेथील पहिल्या टप्प्यात ‘जीवन सौध’ या इमारतीत कर्नाटकासाठीच्या विमा लोकपालांचे कार्यालय आहे. पॉलिसी विकताना जे सांगितले गेले आणि हाती जे आले, त्यांतील अंतर घेऊन लोक तिथे पोहोचतात. एजंटाची नेमणूक आणि विमेदाराची तक्रार यांच्यामध्ये नेमके काय घडते, हा प्रश्न या दोन शेजारी वस्त्यांपुरता नाही. त्याचा संबंध एकट्या आयुर्विमा महामंडळाच्या सुमारे चौदा लाख एजंटांशी आणि त्यांच्या शब्दावर सही करणाऱ्या कोट्यवधी कुटुंबांशी आहे.

बोलताना लोक अजूनही ‘एजन्सीचे लायसन्स काढले’ असे म्हणतात. प्रत्यक्षात वैयक्तिक विमा एजंटासाठी शासकीय परवाना ही गोष्ट आता उरलेलीच नाही. हा बदल २०१५ मध्ये झाला. त्याची जितकी चर्चा व्हायला हवी होती, तितकी झाली नाही.

१९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४२ नुसार एजंटाला परवाना देण्याचा अधिकार सरकारी यंत्रणेकडे होता. त्या काळी देशात शेकडो लहानमोठ्या विमा कंपन्या होत्या. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये साताऱ्यात स्थापन केलेली ‘वेस्टर्न इंडिया’ ही त्यांतली एक नावाजलेली कंपनी. काही कंपन्या सचोटीने चालत होत्या, तर काही विमेदारांचा पैसा मालकांच्या इतर धंद्यांत वळवत होत्या. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. त्याच वर्षी १ सप्टेंबरला २४५ कंपन्या व संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. कंपनी एकच उरली, तरी एजंटाच्या परवान्याची पद्धत कायम राहिली. १९९९ च्या कायद्याने विमा क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले आणि भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने, म्हणजे ‘इर्डा’ने (आताचे ‘इर्डाई’), २००० मध्ये परवान्याचे नवे नियम आणले. नव्या एजंटाला १०० तासांचे प्रशिक्षण, मुंबईच्या भारतीय विमा संस्थेची परीक्षा, २५० रुपये शुल्क आणि तीन वर्षांनी नूतनीकरण असा तो क्रम होता. पाच हजारांहून अधिक लोकसंख्येच्या गावात बारावीची अट होती; त्याहून लहान गावासाठी दहावी पुरत असे.

पुढे या अटी एकेक करून सैल होत गेल्या. शंभर तासांचे पन्नास झाले. उत्तीर्णतेचा पन्नास टक्क्यांचा निकष पस्तीसवर आला. शेवटी २०१५ च्या विमा कायदा दुरुस्तीने परवान्याची कल्पनाच मोडीत काढली. १ एप्रिल २०१६ पासून लागू झालेल्या नियमावलीनुसार आता एजंटाची ‘नेमणूक’ होते आणि ती विमा कंपनीच करते. अर्ज कंपनीकडे, प्रशिक्षण कंपनीकडे, नियुक्तिपत्रही कंपनीचेच. नियामकाकडे राहते ती मुख्यतः देशभरातील एजंटांची सामायिक यादी, आणि काळ्या यादीत टाकलेल्यांची नोंद. दहावी उत्तीर्ण ही अट शहर आणि खेडे यांना सारखीच झाली.

या बदलामागचा युक्तिवाद निराधार नव्हता. लाखो एजंटांची कागदपत्रे हैदराबादच्या कार्यालयातून तपासणे अशक्यप्राय होते आणि परवाना म्हणजे केवळ शिक्का मारण्याचा सोपस्कार उरला होता. माल ज्याचा, त्यानेच विक्रेत्याची हमी घ्यावी, हे तत्त्वही योग्य म्हणावे लागेल. त्यासाठी कायद्याने कंपन्यांवर दडपणही आणले. एजंटाच्या प्रत्येक कृतीस व कसुरीस कंपनी जबाबदार राहील आणि त्यापोटी तिला एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल, अशी तरतूद कलम ४२ मध्ये करण्यात आली. नेमणूक नसताना एजंट म्हणून वावरणाऱ्या व्यक्तीला दहा हजार रुपयांपर्यंत, आणि अशा व्यक्तीकडून धंदा करून घेणाऱ्या कंपनीला एक कोटीपर्यंत दंड ठरवला गेला. साखळी पद्धतीने सभासद जोडून विमा विकण्यास कलम ४२अ नुसार बंदी झाली. कमिशनमधला वाटा ग्राहकाला परत देऊन पॉलिसी गळ्यात मारण्याची जुनी खोड तर पूर्वी पाचशे रुपयांच्या दंडावर सुटत असे. ती दंडाची मर्यादा दहा लाखांवर गेली.

कागदावर हे सारे भक्कम आहे. मात्र दंडाची रक्कम विमेदाराला मिळत नाही. ज्या घरात माणूस गेला आणि पॉलिसी बंद पडलेली निघाली, त्या घरात तो पैसा येत नाही.

एजंटाने घेतलेल्या पैशाला कंपनी कितपत बांधील, या प्रश्नाचे सर्वांत कठोर उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या एका निकालात सापडते. गुजरातमधील एका विमेदाराने मार्च १९८६ मध्ये प्रत्येकी पंचवीस हजारांच्या चार पॉलिसी घेतल्या होत्या. मार्च १९८७ चा सहामाही हप्ता वेळेत भरला गेला नाही. जूनमध्ये एजंट घरी आला आणि हप्त्यापोटी २,७३० रुपयांचा धनादेश घेऊन गेला. तो दुसऱ्याच दिवशी वटला. पण ती रक्कम महामंडळाच्या कार्यालयात जमा झाली १० ऑगस्टला. त्याच्या आदल्या दिवशी, ९ ऑगस्टला, विमेदाराचा अपघातात मृत्यू झाला होता. महामंडळाने पॉलिसी बंद पडल्याचे सांगून दावा नाकारला आणि सर्वोच्च न्यायालयाने ती भूमिका मान्य केली. १९७२ च्या एजंट नियमांनी एजंटाला हप्ता गोळा करण्याचा अधिकार दिलेला नाही. त्यामुळे त्याच्या हाती दिलेला पैसा महामंडळाला मिळाला असे मानता येत नाही, असा त्या निकालाचा आशय. कायद्याच्या काटेकोर वाचनात तो बसतो. परंतु घरी येऊन हप्ता नेणारा, पावती दुसऱ्या दिवशी आणून देणारा एजंट ही त्या पिढीच्या भारतात अपवादाची नव्हे, तर नेहमीची गोष्ट होती. विमेदाराच्या लेखी एजंट म्हणजेच कंपनी होती. कायद्याच्या लेखी मात्र तो एक मर्यादित अधिकारांचा मध्यस्थ होता.

आज हप्ते बहुतांशी बँक खात्यातून किंवा मोबाइलवरून जातात, त्यामुळे हा विशिष्ट धोका पुष्कळ कमी झाला. त्याच दरीचे आजचे रूप प्रस्ताव अर्जात दिसते. मधुमेह, रक्तदाब, आधी झालेली शस्त्रक्रिया, आधीच्या पॉलिसी यांबद्दलचे प्रश्न त्यात असतात आणि व्यवहारात तो अर्ज पुष्कळदा एजंटच भरतो. ‘हे लिहायची गरज नाही, उगाच तपासण्या लागतील’ हे वाक्य ऐकले नाही असे विमेदार घर विरळा. एजंटाच्या आचारसंहितेनुसार महत्त्वाची माहिती लपवायला ग्राहकाला प्रवृत्त करणे निषिद्ध आहे. पण अर्जाखाली सही ग्राहकाची असते. कलम ४५ नुसार पॉलिसीला तीन वर्षे झाल्यावर कंपनीला कोणत्याही कारणाने तिच्यावर आक्षेप घेता येत नाही. त्या तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला, तर लपवलेल्या मधुमेहाचा हिशेब वारसांना द्यावा लागतो. अर्ज भरून देणाऱ्याला त्याचे कमिशन तोवर मिळून गेलेले असते.

जयनगरसारख्या बहुभाषक वस्तीत याला भाषेचाही एक पदर आहे. एजंटाची परीक्षा इंग्रजी-हिंदीखेरीज अनेक भारतीय भाषांतून देता येते, त्यांत मराठी आणि कन्नडही आहेत. बेळगाव-निपाणीकडून बेंगळुरूत आलेल्या मराठी उमेदवाराला त्यामुळे मातृभाषेत पेपर देण्याची सोय आहे, आणि ती चांगलीच आहे. पण त्याचा ग्राहक कन्नड, तमिळ किंवा तेलुगू बोलणारा असतो आणि पॉलिसीचा दस्तऐवज इंग्रजीत. ग्राहकाला न कळणाऱ्या भाषेत अर्ज भरला गेला, तर मजकूर त्याला समजावून सांगितल्याचे निवेदन अर्जावर स्वतंत्रपणे करावे लागते. हे निवेदन खरे आहे की नुसती सही, हे तपासणारी यंत्रणा नाही. सगळी भिस्त समोर बसलेल्या एजंटाच्या समजुतीवर आणि सचोटीवर राहते.

मग त्या समजुतीची तयारी किती होते? इथे नियमांतील विसंगती लक्षात येते. बँकेच्या शाखेत बसून विमा विकणाऱ्या कर्मचाऱ्याला, ज्याला नियमांत ‘विनिर्दिष्ट व्यक्ती’ म्हणतात, किमान पन्नास तासांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. घरोघर फिरणाऱ्या आयुर्विमा एजंटाच्या वाट्याला साधारण पंचवीस तास येतात. ‘पॉइंट ऑफ सेल’ व्यक्ती या २०१५ पासूनच्या तिसऱ्या वर्गाला पंधरा तास पुरतात आणि त्यांची परीक्षाही नेमणारी कंपनी किंवा मध्यस्थ संस्थाच घेते; त्यांना केवळ ठरावीक साच्याच्या, सोप्या पॉलिसी विकता येतात, एवढे कुंपण आहे. बँकेतील कर्मचाऱ्याच्या मागे निदान एक शाखा, एक व्यवस्थापक, एक तक्रारवही असते. एजंट ग्राहकाच्या दिवाणखान्यात एकटाच बसलेला असतो आणि त्याचीच तयारी निम्म्या वेळात उरकली जाते. अर्थात पन्नास तासांच्या प्रशिक्षणाने बँकांतील गळेपडू विक्री थांबलेली नाही, हेही तितकेच खरे. कर्ज मंजूर करताना सोबत पॉलिसी चिकटवण्याच्या प्रकारांवरून अर्थमंत्र्यांनीही बँकांना जाहीरपणे कानपिचक्या दिल्या आहेत.

दुसरी विसंगती अधिक बोचरी आहे. वैयक्तिक एजंट एका वेळी एकाच आयुर्विमा कंपनीचे काम करू शकतो. त्याशिवाय एक सर्वसाधारण विमा कंपनी, एक आरोग्य विमा कंपनी आणि एकाच प्रकारचा विमा करणाऱ्या कंपन्यांपैकी प्रत्येकी एक. कंपनी बदलायची, तर जुन्या कंपनीचे दाखलापत्र घेऊन नव्वद दिवस थांबावे लागते. याउलट कॉर्पोरेट एजंट असलेल्या बँकेला २०२२ पासून प्रत्येक प्रकारातील नऊ-नऊ कंपन्यांशी करार करण्याची मुभा आहे. एजंटाला एकाच कंपनीशी बांधण्यामागे शिस्तीचा विचार होता: ज्याची हमी कंपनीने घ्यायची, तो तिचाच असला पाहिजे. पण त्याचा परिणाम असा की, ग्राहकासाठी दुसऱ्या कंपनीची पॉलिसी स्वस्त किंवा अधिक योग्य असली, तरी प्रामाणिक एजंटालाही ती देता येत नाही. त्याला गप्प बसावे लागते, नाही तर आपल्याकडचीच गोष्ट योग्य आहे असे पटवून द्यावे लागते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या विमा कायदा दुरुस्तीने परकीय गुंतवणुकीची मर्यादा ७४ वरून १०० टक्के केली आणि विमा मध्यस्थ संस्थांना एकदाच नोंदणी करण्याची सवलत दिली. चर्चाही बव्हंशी भांडवलाच्या टक्क्यांभोवती फिरली. दारात येणाऱ्या माणसाचे काय, याची फारशी वाच्यता झाली नाही.

या व्यवसायाची खरी चाळणी परीक्षेत नाही, पहिल्या दोन वर्षांत आहे. नवा एजंट आधी स्वतःचा विमा काढतो, मग भाऊ-बहिणी, मेहुणे, जुने वर्गमित्र, सोसायटीतले शेजारी. महामंडळाच्या जुन्या नियमांप्रमाणे एजन्सी टिकवायला वर्षाला किमान बारा वेगवेगळ्या व्यक्तींचे विमे करावे लागत. बारा माणसे पहिल्या वर्षी बहुतेकांना सापडतात. दुसऱ्या वर्षीची बारा शोधताना दम लागतो. ओळखीचे वर्तुळ संपले की अनेकांची एजन्सीही संपते. जाणारा एजंट मागे एक पॉलिसी नव्हे, तर डझनभर पोरक्या पॉलिसी सोडून जातो. हप्त्याची आठवण करणारा कोणी नाही, पत्ता बदलल्याची नोंद करून देणारा नाही, वारस नोंदवला आहे की नाही हे विचारणारा नाही. भिडेखातर घेतलेली पॉलिसी भीड संपल्यावर बंद पडते. २०२३-२४ मध्ये महामंडळाच्या पॉलिसी तेराव्या महिन्यातही चालू राहण्याचे प्रमाण हप्त्याच्या रकमेनुसार सुमारे ७८ टक्के होते; एकसष्टाव्या महिन्यात ते ६१ टक्क्यांच्या आसपास उतरते. वीस वर्षांसाठी घेतलेली गोष्ट पाच वर्षांत दहांतल्या चारांनी सोडून द्यावी, याचा दोष केवळ महागाईवर ढकलता येणार नाही.

कमिशनची जुनी रचना या घसरणीला हातभारच लावत होती. पारंपरिक पॉलिसीत पहिल्या वर्षी हप्त्याच्या पस्तीस टक्क्यांपर्यंत आणि पुढे पाच टक्क्यांच्या आसपास, अशा रचनेत एजंटाचे लक्ष विक्रीवर राहणार, सेवेवर नाही, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. ‘इर्डाई’ने एप्रिल २०२३ पासून पॉलिसीवार कमिशनमर्यादा उठवून एकूण व्यवस्थापन खर्चाची मर्यादा तेवढी ठेवली, तेव्हा ही ओढ वाढेल अशी भीती होती. खरा बदल दुसऱ्या वाटेने आला. १ ऑक्टोबर २०२४ पासून पॉलिसी मुदतीआधी परत करण्याचे नियम बदलले. पूर्वी पहिल्याच वर्षानंतर पॉलिसी सोडली, तर भरलेला हप्ता पूर्ण बुडत असे. आता एक वर्षाचा हप्ता भरलेला असल्यास काही रक्कम परत द्यावी लागते. बुडालेल्या हप्त्यांच्या जिवावर पहिल्या वर्षीचे घसघशीत कमिशन देणे कंपन्यांना त्यामुळे परवडेनासे झाले. महामंडळाने अनेक योजनांत पहिल्या वर्षीचे कमिशन ३५ वरून २८ टक्क्यांवर आणले आणि नूतनीकरणावरचे ५ वरून ७.५ टक्क्यांवर नेले.

वर्षाला पन्नास हजारांचा हप्ता धरला, तर एजंटाचे पहिल्या वर्षीचे साडेसतरा हजार चौदा हजारांवर आले. उलट प्रत्येक नूतनीकरणावरचे अडीच हजार पावणेचार हजार झाले. पहिल्या वर्षी गेलेले साडेतीन हजार भरून निघायला वाढीव दराची तीन वर्षे पॉलिसी जिवंत राहायला हवी. ग्राहकाच्या दृष्टीने ही दिशा योग्य आहे. एजंटांच्या संघटनांनी मात्र विरोध केला आणि त्यांचा मुद्दाही निव्वळ स्वार्थाचा म्हणून झटकता येणार नाही. त्याच सुमारास काही योजनांतील किमान विमा रक्कम एक लाखावरून दोन लाख झाली आणि प्रवेशाचे कमाल वय ५५ वरून ५० वर आले. कमी उत्पन्नाच्या आणि उतारवयाच्या ग्राहकांवर ज्यांची एजन्सी उभी होती, त्यांचे वर्तुळ त्यामुळे आक्रसले. जुना, जम बसलेला एजंट नूतनीकरणाच्या वाढीव दरावर तरून जातो. नव्याने आलेल्याला पहिल्या वर्षीच्या कमिशनवरच घर चालवायचे असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी शून्यावर आला, हा ग्राहकाचा निखळ फायदा. पण कंपन्यांची खर्चावरील कराची वजावटही त्याबरोबर गेली आणि काही आरोग्य विमा कंपन्यांनी तो भार एजंटांच्या कमिशनमधून वळता करण्याचा मार्ग धरला.

आकड्यांच्या हौसेचेही या क्षेत्राला वावडे नाही. २० जानेवारी २०२५ रोजी महामंडळाच्या ४,५२,८३९ एजंटांनी चोवीस तासांत ५,८८,१०७ पॉलिसी विकल्या आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. भागाकार केला तर दर एजंटामागे जेमतेम सव्वा पॉलिसी भरते, आणि त्या दिवशी कामाला लागलेल्यांची संख्या एकूण एजंटांच्या एकतृतीयांशाच्या आसपास येते. विक्रमाच्या दिवशीही दोनतृतीयांश एजंटांच्या नावावर काही लागले नाही, असाही त्याचा अर्थ निघतो. त्या पावणेसहा लाखांहून अधिक पॉलिसींपैकी किती पुढील वर्षीच्या हप्त्यापर्यंत तगल्या, याचा विक्रम मात्र कोणी नोंदवत नाही.

देशातील विम्याचा प्रसार पाहता एजंटांची गरज संपलेली नाही. २०२३-२४ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या तुलनेत विमा हप्त्यांचे प्रमाण ३.७ टक्के होते. त्यात आयुर्विम्याचा वाटा २.८ टक्क्यांचा. २०४७ पर्यंत सर्वांना विमा हे नियामकाचे घोषित उद्दिष्ट आहे. एजंटाविना विमा ही कल्पना नवी नाही. याच बेंगळुरूत म्हैसूर संस्थानाने १८९१ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी सक्तीची विमा योजना सुरू केली होती. आजच्या कर्नाटक सरकारच्या विमा खात्याचे मूळ तिच्यात आहे. तिथे हप्ता थेट पगारातून कापला जातो, कोणाला पटवावे लागत नाही. पण पगारपत्रक नसलेल्या बहुसंख्य भारतीयांपर्यंत, रिक्षाचालक, घरकामगार, शेतमजूर यांच्यापर्यंत विमा पोहोचवायचा तर कोणाला तरी त्यांच्या दारी जावेच लागते.

९ डिसेंबर २०२४ रोजी पानिपत येथे पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालेली महामंडळाची ‘विमा सखी’ योजना या पार्श्वभूमीवर लक्षवेधी ठरते. १८ ते ७० वयाच्या, दहावी उत्तीर्ण महिलांना एजंट म्हणून नेमताना पहिल्या वर्षी दरमहा सात हजार, दुसऱ्या वर्षी सहा हजार आणि तिसऱ्या वर्षी पाच हजार रुपये मानधन मिळते. तीन वर्षांत ते दोन लाख सोळा हजार होते, कमिशन वेगळे. पहिल्या वर्षी चोवीस विमे आणि ४८ हजार रुपयांचे पहिल्या वर्षीचे कमिशन अशी कामगिरीची अट आहे. तिच्याहून महत्त्वाची अट पुढे येते: पहिल्या वर्षी केलेल्या पॉलिसींपैकी किमान ६५ टक्के चालू असतील, तरच दुसऱ्या वर्षीचे मानधन. महामंडळाच्या सध्याच्या एजंटांच्या व कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना योजनेत प्रवेश नाही, त्यामुळे बायकोच्या नावाने एजन्सी चालवण्याच्या जुन्या रिवाजालाही आडकाठी बसली.

एजंटाच्या उत्पन्नाची सांगड पॉलिसी टिकण्याशी घालण्याचा हा सरळ प्रयत्न आहे. परीक्षेत अठरा उत्तरे बरोबर येतात की पंचवीस, यापेक्षा दोन वर्षांनी किती घरांत हप्ता भरला जातो, हे एजंटाच्या पात्रतेचे अधिक खरे माप आहे. तरी शंका राहतेच. आठवड्याच्या मिळकतीवर चालणाऱ्या घरातली सखी आपले मानधन वाचवण्यासाठी शेजारणीचा चुकलेला हप्ता स्वतःच्या पदरचा भरू लागली, तर आकडा ६५ टक्क्यांवर राहील आणि सखी कर्जात जाईल. बचत गटांच्या सूक्ष्म कर्जवसुलीत असे प्रकार घडलेले आहेत. हे टाळायचे, तर तिच्यावर देखरेख करणाऱ्या विकास अधिकाऱ्याला केवळ विक्रीचे उद्दिष्ट देऊन भागणार नाही.

ग्राहकाच्या हाती आज जी साधने आहेत, ती वापरली जात नाहीत हेही खरे. आचारसंहितेनुसार एजंटाने मागताक्षणी नियुक्तिपत्र दाखवले पाहिजे आणि विचारल्यास आपल्याला किती कमिशन मिळणार ते सांगितले पाहिजे. ‘इर्डाई’च्या संकेतस्थळावर एजंटाची नोंद पडताळता येते, १५५२५५ या क्रमांकावर तक्रार करता येते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर विमा लोकपालांकडे एजंट व दलालांच्या सेवेतील त्रुटींबद्दलही दाद मागता येते आणि २०२३ पासून पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी लोकपाल ऐकतात. शुल्क नाही, वकिलाची गरज नाही. पण ज्याने शेजारच्या काकांच्या शब्दावर सही केली, तो काकांना नियुक्तिपत्र कसे मागणार? आपल्याकडे विमा विकला जातो नात्यावर आणि तक्रार करावी लागते कागदावर. एजंटाने तोंडी काय सांगितले, याचा पुरावा लोकपालांसमोरही उभा करता येत नाही. विक्रीच्या वेळी ग्राहकाच्या गरजा काय होत्या आणि हीच पॉलिसी का सुचवली, याची एजंटाच्या सहीची लेखी नोंद प्रत्येक पॉलिसीसोबत ग्राहकाला मिळाली, तर निम्म्या तक्रारींचा निकाल सोपा होईल. परीक्षेची काठिण्यपातळी वाढवण्यापेक्षा या एका कागदाचा उपयोग अधिक आहे.

एजंटाच्या बाजूनेही हिशेब अर्धाच झाला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने महामंडळाच्या एजंटांच्या ग्रॅच्युइटीची मर्यादा तीन लाखांवरून पाच लाखांवर नेली आणि त्यांचे मुदत विमा संरक्षण २५ हजार ते दीड लाख रुपयांपर्यंत वाढवले. पूर्वी ते तीन ते दहा हजारांचे होते. लोकांना लाखोंचा विमा समजावून सांगणाऱ्या माणसाचा स्वतःचा गटविमा इतकी वर्षे हजारांत मोजला जात होता.

विमा सखींच्या पहिल्या तुकडीची तीन वर्षे डिसेंबर २०२७ च्या सुमारास पूर्ण होतील आणि मानधन थांबेल. त्यापुढे त्यांच्यापैकी किती जणी निव्वळ कमिशनवर या व्यवसायात राहतात, आणि त्यांनी पहिल्या वर्षी केलेल्या चोवीस पॉलिसींपैकी किती तेव्हाही चालू असतात, ही आकडेवारी महामंडळाने शाखानिहाय जाहीर करावी लागेल.